पाऊस तेवढाच, मुरवणे आपल्या हाती

(अभ्यासासाठी वाचन : स्तोत्र ९०, लूक १२:१६-२१, लूक १३:६-९, मत्तय २०:१-१६)



आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पावसाचे मोल कुणी शिकवावे लागत नाही. अकोले तालुक्याचा घाटाकडचा भाग सोडला, तर बाकीच्या बऱ्याचशा जिल्ह्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोही चार-दोन मोठ्या सरींत पडून जातो आणि मग महिनाभर आभाळाकडे बघत बसावे लागते. हा पाऊस कमी आहे हे खरे. पण एक साधा हिशेब करून पाहा. एक एकर जमिनीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एकरावर सुमारे वीस लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर ते दोनशे टँकर होतात. एका एकरावर देव दोनशे टँकर ओततो आणि एप्रिल उजाडला की त्याच गावात आपण एका टँकरसाठी भांडतो. पाऊस आला नव्हता असे नाही. तो आला आणि माती घेऊन वाहून गेला.

आयुष्याचेही असेच आहे. स्तोत्रकर्ता माणसाचे वय सत्तर वर्षे, शक्ती असली तर ऐंशी, असे सांगतो. सत्तर वर्षांचे सुमारे साडेपंचवीस हजार दिवस होतात. यांत एकाही दिवसाची भर घालणे आपल्या हाती नाही. पाऊस किती पडावा हे जसे आपण ठरवत नाही, तसे किती जगावे हेही आपण ठरवत नाही. आलेला दिवस वाहून जाऊ द्यायचा की मुरवायचा, एवढेच आपल्याकडे सोपवलेले आहे. आजच्या अभ्यासात आपण याच गोष्टीचा विचार करू. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एका धर्मगुरूच्या जीवनाचा आधार घेऊ.

१. दिवस आपले नाहीत, आपल्याला दिलेले आहेत

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पीक भरघोस आले, जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची असे त्याने ठरवले आणि आता पुष्कळ वर्षे खाऊ, पिऊ, मजा करू असे तो स्वतःशीच बोलला. त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. येशू त्याला चोर म्हणत नाही, लबाडही म्हणत नाही, मूर्ख म्हणतो. धान्य त्याच्या मालकीचे होते, पण वर्षे त्याच्या मालकीची नव्हती. जे आपले नाही त्याचा हिशेब त्याने आपल्या खात्यात मांडला, हा त्याचा मूर्खपणा.

भस्म बुधवारी धर्मगुरू कपाळावर राख लावतात, तेव्हा हेच आठवायचे असते. आपण मातीचे आहोत आणि मातीला मिळणार आहोत, हे आपल्याला घाबरवण्यासाठी सांगितले जात नाही. ज्याला दिवस मोजके आहेत हे कळते, त्याला आजचा दिवस दान म्हणून दिसू लागतो. दान म्हटले की देणारा आठवतो. मग या दानाचे मी काय करावे, असे त्याला विचारावेसे वाटते.

२. एका धर्मगुरूने वापरलेली वर्षे

फादर हर्मन बाखर यांचा जन्म १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्सच्या डोंगराळ मुलखात झाला. १९४८ साली, वयाच्या तेवीस-चोवीसाव्या वर्षी, येशूसंघाचे तरुण सभासद म्हणून ते भारतात आले. भारतात त्यांनी सुमारे सहा दशके काढली, आणि त्यांतील बहुतेक वर्षे आपल्या जिल्ह्यात, संगमनेर व नगर परिसरात गेली. लोक त्यांना प्रेमाने बाखर बाबा म्हणत.

सुरुवातीला त्यांनी कोणताही भला माणूस करील तेच केले. लोकांना पाणी नाही म्हणून विहिरी, पाणी उपसायची साधने, त्यासाठी कर्जाची सोय. १९६०च्या दशकात अहमदनगरला सोशल सेंटर ही संस्था सुरू झाली, तिच्यामार्फत हे काम चालले. १९७२चा दुष्काळ आला. सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे, हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अजून लक्षात आहे. पुढे फादरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. विहिरी वाढत होत्या, पण भूगर्भातले पाणी वाढत नव्हते. उलट प्रत्येक नवी विहीर जुन्या विहिरीचे पाणी ओढत होती. आपण पाणी काढायला शिकवतो आहोत, साठवायला नाही, हे त्यांना कळले.

येथून पाणलोट विकासाचे काम उभे राहिले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची बोलणी १९८९ साली सुरू झाली. १९९२ पासून नाबार्डच्या सहभागाने तो महाराष्ट्रात राबवला गेला. १९९३ साली फादर बाखर व फादर क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकाराने वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. गावांनी स्वतः आराखडे केले, श्रमदान केले आणि उजाड डोंगरांवर चर खणले. आयुष्याच्या अखेरीस फादर मायदेशी परतले आणि २०२१ साली तेथेच प्रभुवासी झाले.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उदाहरण जगभर अभ्यासले गेले आहे. तेथे उन्हाळ्यात टँकरशिवाय गत्यंतर नव्हते. १९९६ ते २००१ या काळात गावाने पाणलोटाचे काम केले. पूर्वी शेतीत वर्षाला तीन-चार महिनेच काम मिळे, ते नऊ-दहा महिन्यांपर्यंत गेले. हा आकडा नीट वाचावा. तेथे पाण्याबरोबर लोकांचे महिनेही परत आले. पोटासाठी गाव सोडून दारोदार जाण्यात जे महिने जात, ते आता आपल्या घरात, मुलांच्या शाळेजवळ, आपल्या शेतात जाऊ लागले.

३. माथ्यापासून सुरुवात

पाणलोटाचा पहिला नियम आहे : माथा ते पायथा. घाई झालेल्या गावाला आधी खाली ओढ्यावर मोठा बंधारा हवा असतो, कारण तो दिसतो. पण वरचा डोंगर उघडा ठेवून खाली बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरून जातो. म्हणून आधी माथ्यावर सलग समतल चर खणायचे, झाडे आणि गवत लावायचे, मग उतारावर दगडी बांध घालायचे, शेतांची बांधबंदिस्ती करायची आणि शेवटी ओढ्यात बंधारा घालायचा.

आपल्या दिवसाचा माथा कोणता? डोळे उघडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे. ती जर मोबाइलच्या हाती गेली, तर दिवसभर वरून गाळच येत राहतो : कुणाचे भांडण, कुणाची बढाई, कुणाची निंदा. तीच दहा मिनिटे प्रभूला दिली, एक उतारा वाचला, घरच्यांसह एक प्रार्थना म्हटली, तर दिवसाचा उतार कितीही तीव्र असो, पाण्याचा वेग कमी होतो. आठवड्याचा माथा म्हणजे रविवारचा ख्रिस्तयाग. आठवड्यात १६८ तास असतात. त्यांतला एक तास वेदीपाशी गेला, तर उरलेल्या १६७ तासांना दिशा मिळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेळेचा सदुपयोग म्हणजे सतत धावपळ नव्हे. धावते पाणी सर्वांत जास्त माती घेऊन जाते. जो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत पळतो आणि कधीच थांबत नाही, त्याच्या आयुष्यातला सुपीक थर आधी जातो : बायकोशी बोलणे, म्हाताऱ्या आईजवळ बसणे, लेकराचा अभ्यास, आजाऱ्याची विचारपूस. पाण्याला मुरण्यासाठी थांबावेच लागते. शब्बाथाची विश्रांती देवाने याच कारणासाठी दिली आहे. बेथानी येथील मार्था कामात गढून गेली होती. तिचे काम वाईट नव्हते. पण येशूच्या चरणाशी बसलेल्या मरियेने वेळ वाया घालवला असे प्रभूने म्हटले नाही.

४. चराईबंदी

या कार्यक्रमात गावांना काही बंधने स्वीकारावी लागत. डोंगरावर मोकाट चराई नाही, झाडांवर कुऱ्हाड नाही, पाणी पिऊन टाकणारी पिके नाहीत. चर खणणे तुलनेने सोपे, ही बंधने पाळणे अवघड. ज्याचे पोट शेळ्या-मेंढ्यांवर आहे त्याला चराईबंदी जड जाते. म्हणून समजूतदार गावांनी सगळा डोंगर एकदम बंद न करता भागाभागाने बंद केला आणि गवत उगवलेले दिसू लागल्यावर विरोधही मावळत गेला.

आपल्या वेळेतही काहीतरी मोकाट चरत असते. कुणाचा वेळ दारू चरते, कुणाचा पत्ते, कुणाचा मोबाइलवरचा खेळ, कुणाचा दोन पिढ्यांपासून चालत आलेला बांधावरचा वाद आणि त्याच्या कोर्टातल्या तारखा. चांगल्या गोष्टी करायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार आपण करतो. पण कोवळे रोप लावले आणि जनावरे मोकळीच सोडली, तर त्या रोपाचा दोष काय? काही गोष्टींना नाही म्हटल्याशिवाय चांगल्याला उगवायला जागा मिळत नाही. सगळे एकदम सुटणार नाही. डोंगराचा एक भाग बंद करावा : संध्याकाळचा एक तास, शनिवारची रात्र, उपवासकाळाचे चाळीस दिवस. तेवढ्यात गवत उगवते की नाही ते पाहावे.

५. ज्यांच्या हाती वेळच नाही

आता एक प्रामाणिक प्रश्न. वेळेच्या सदुपयोगाचे उपदेश ऐकताना आपल्यातील कित्येकांना वाटत असेल की हे सारे ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी आहे. ते चुकीचे नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला, मूल पाचटावर. अशा बहिणीला दिवसातून अर्धा तास वाचनाला काढ असे सांगणे म्हणजे तिची थट्टा करणे होय. तिच्या फडातल्या एका उसाशाला देव तास मोजून गुण देत नाही.

पण याच ठिकाणी फादर बाखर यांच्या आयुष्याचा अर्थ उघडतो. त्यांनी आपली वर्षे कशासाठी वापरली? दुसऱ्यांची वर्षे त्यांना परत मिळावीत म्हणून. डोक्यावर हंडा घेऊन मैलभर जाणाऱ्या बाईला पाणी गावात मिळाले की तिचे रोजचे तास तिला परत मिळतात. ज्या मुलीला आईबरोबर पाण्याला जावे लागत होते, ती शाळेत जाते. ख्रिस्ती माणसाने वेळेबद्दल विचार करताना माझा वेळ मी कसा वाचवू एवढ्यावर थांबू नये. माझ्यामुळे कुणाचा वेळ वाया जातो आणि कुणाचा वेळ मी सोडवू शकतो, हेही विचारावे. मजुराला दिवसभर कामाला लावून पैशासाठी चार खेपा घालायला लावणारा त्याच्या आयुष्यातले दिवस चोरतो. घरातल्या सुनेला क्षणाची उसंत न देणारे घरही तेच करते. उलट, शेजारच्या अशिक्षित आजीचा पेन्शनचा अर्ज भरून देणारा कॉलेजचा मुलगा तिच्या तहसील कचेरीच्या पाच खेपा वाचवतो. ही सेवा लहान नाही.

६. उशीर झाला का?

अंजिराच्या झाडाचा दाखला शेतकऱ्याने मुद्दाम वाचावा. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. पण तो वाट बघत बसत नाही. सभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे कबूल करतो. देव मुदत देतो ती खणण्यासाठी. आजचा दिवस ही अशीच मुदत आहे.

द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात पाच वाजता नाक्यावर उभे असलेलेही कामाला घेतले जातात. हे आळशी नव्हते. त्यांना कुणी बोलावलेच नव्हते. मालकाने बोलावले तेव्हा, दिवस तर संपत आला, असे म्हणून ते बसून राहिले नाहीत.

फादर बाखर यांच्या ज्या कामामुळे त्यांचे नाव देशभर झाले, त्या कार्यक्रमाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांचे वय पासष्टच्या घरात होते. त्या वयात आपण निवृत्तिवेतनाची कागदपत्रे सांभाळत असतो आणि आता आपले काय राहिले, असे म्हणतो. आधीची चाळीस वर्षे फुकट गेली होती असेही नाही. त्या वर्षांत गावे, माणसे, भाषा आणि विहिरींचा धडा त्यांच्यात मुरत होता. म्हणून साठी ओलांडलेल्या बंधुभगिनींनी स्वतःला उतरणीला लागलेले समजू नये. मुरलेले पाणी उन्हाळ्यातच कामाला येते.

७. पाणी दुसऱ्याच्या विहिरीत येते

माथ्यावर चर खणणाऱ्याची जमीन बहुधा पायथ्याला नसते. तो वर घाम गाळतो आणि पाणी खालच्या विहिरीत उतरते. एक पेरतो आणि दुसरा कापतो, या अर्थाचे प्रभूचे बोल योहानच्या शुभवर्तमानात आहेत (योहान ४:३७), ते येथे डोळ्यांना दिसतात. स्वित्झर्लंडमध्ये डोळे मिटलेल्या धर्मगुरूला संगमनेरच्या विहिरीतले पाणी प्यायचे नव्हते. तरीही ते पाणी आहे.

आपल्या नगरचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले आणि १९१९ साली ते अपुरे ठेवूनच त्यांना जावे लागले. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. ज्यांनी शाळेचे तोंडही नीट पाहिले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात पुढचे अध्याय लिहून ते काम पुढे नेले. आयुष्य अपुरे राहिले म्हणून व्यर्थ गेले, असे देवाच्या हिशेबात नसते. आपण आपला चर खणावा; पाणी कुठे उतरवायचे ते तो पाहतो.

एक मात्र विसरू नये. चर खणल्याने पाऊस पडत नाही. आपल्या कष्टांनी आपण तारण मिळवत नाही. कृपा वरूनच येते आणि ती फुकट येते. पण खणलेल्या जमिनीत ती थांबते.

८. या आठवड्यासाठी

हिवरे बाजार गावात दरवर्षी पावसाची नोंद घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. यंदा किती पाणी आले, पिण्याला किती, जनावरांना किती आणि उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे, हे सर्वांसमक्ष ठरते. पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने शिस्तीने जे साधले ते आपण ऐकून आहोत. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी अशाच ताळेबंदाची सवय आपल्याला दिली आहे. ती म्हणजे रोजचे आत्मपरीक्षण. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे पुढील पाच गोष्टी कराव्यात :

• आज मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानावे.
• स्वतःकडे खरेपणाने पाहता यावे म्हणून पवित्र आत्म्याचा प्रकाश मागावा.
• सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवावा. कोठे मुरले, कोठे वाहून गेले?
• जे चुकले त्याची क्षमा मागावी.
• उद्यासाठी एक निश्चय करावा. एकच, पण नेमका.

रोजचा अर्धा तास अशा रीतीने वाचवला, तर वर्षाचे १८२ तास होतात; म्हणजे आठ तासांचे बावीस-तेवीस कामाचे दिवस. तेवढ्यात संपूर्ण नवा करार वाचून होतो आणि धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या भेटीसाठीही पुष्कळ दिवस उरतात.

मननासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा प्रार्थनागटात चर्चा करावी)

१. माझ्या दिवसाचा माथा सध्या कोणाच्या ताब्यात आहे?
२. माझ्या वेळेत मोकाट चरणारी कोणती एक गोष्ट मी या आठवड्यात बांधून ठेवणार आहे?
३. माझ्यामुळे घरात किंवा कामावर कोणाचा वेळ वाया जातो? कोणाचा वेळ मी सोडवू शकतो?
४. फळ मला मिळणार नाही हे ठाऊक असूनही करावे असे कोणते काम देव माझ्यापुढे ठेवत आहे?

प्रार्थना

हे प्रभो, आमचे दिवस तुझ्या हातून येतात आणि तुझ्याकडेच परत जातात. जे वाहून गेले ते तुझ्या दयेवर सोपवतो. जे उरले आहेत त्यांत आम्हाला थांबायला, खणायला आणि वाट पाहायला शिकव. ज्यांचे दिवस दुसऱ्यांच्या लोभाने हिरावले जातात त्यांच्या बाजूला आम्हाला उभे कर. आमच्या श्रमाचे पाणी ज्याला तहान लागली असेल त्याच्या विहिरीत उतरू दे. हे आम्ही आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.